लाखोरीच्या बेसनाचं लेबल

आज सकाळी तुम्ही जी भजी खाल्लीत, त्यांचं बेसन कशाचं होतं, हे शपथेवर सांगू शकाल का?

हरभऱ्याचं, असं तुम्ही म्हणाल. कोणी सांगितलं? पुड्यावर लिहिलं होतं. पुड्यावर कोणी लिहिलं? इथे तुम्ही गप्प व्हाल. मीही झालो असतो. पण पुड्यावरची ती अक्षरं काही दिवस मीच जुळवत होतो, म्हणून मला गप्प बसता येत नाही.

मी चांद्याच्या एका छापखान्यात जुळारी होतो, म्हणजे शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करणारा. आमच्या घरात पुस्तक असं एकही नव्हतं. होती ती पत्रकं. वडील ज्या ज्या सभेला जात तिथून पत्रकं घडी घालून आणत, आणि आई ती कपड्यांच्या पेटीच्या तळाला अंथरी. त्या पेटीत डोकं घालूनच मी अक्षरं ओळखायला शिकलो. ‘जागे व्हा’, ‘आता तरी उठा’ ही माझी पहिली वाक्यं. त्यामुळे असेल, पण काही गोष्टी आवाज न चढवताही सांगता येतात हे मला फार उशिरा कळलं.

भेसळीविरुद्धच्या नव्या कायद्याची जाहीर सूचना आमच्याकडे छपाईला आली तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात नुकताच आला होता. सरकारी कागदांवरचं जुन्या राज्याचं नाव शाईनं खोडून वर नवं लिहिलेलं असे. ती सूचना मीच जुळवली. खाण्याचा जिन्नस पुड्यात, डब्यात किंवा बाटलीत भरून विकायचा असेल तर वर पाच गोष्टी लिहिल्या पाहिजेत: जिन्नसाचं नाव, आत काय काय मिसळलं आहे ते, करणाऱ्याचं नाव-गाव, वजन आणि कोणत्या वेळच्या मालातला पुडा आहे त्याची खूण. खिळे लावता लावता मी ती सूचना दोनदा मोठ्यानं वाचली. जे मी पत्रकातून ओरडून सांगत होतो तेच सरकार पाच ओळींत सांगत होतं!

कारण मी आधीच एक पत्रक काढलं होतं. चार पानी, लाल शाईत. विषय होता लाखोरी हे कडधान्य. धान निघालं की त्याच बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, ओल असेपर्यंत, आमच्याकडे लाखोरी टाकतात. ती न नांगरता येते, न निंदता येते. तिची डाळ, तिचं बेसन घरोघरी चालतं आणि हरभऱ्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारा राहायचा. त्याचे गुडघे आत वळलेले, पाय चालताना कात्रीसारखे एकमेकांवर पडायचे आणि दोन्ही हातांत काठ्या. लाखोरीनं झालं, असं डॉक्टर सांगत. त्या काठ्यांची टकटक ऐकतच मी लहानाचा मोठा झालो होतो. पत्रकाला मी मथळा दिला होता, ‘ताटातलं विष’. खाली नाव नव्हतं. ‘एक जागरूक नागरिक’ एवढंच. त्या न छापलेल्या नावाचा मला तेव्हा मोठा अभिमान होता.

दिवाळीच्या आधी मी आठ दिवसांची रजा घेतली आणि कोऱ्या लेबलांची चळत पिशवीत घालून आलापल्लीला निघालो. ठरवलं होतं की लहान विक्रेत्यांना नियम समजावून सांगायचे आणि त्यांची लेबलं फुकट लिहून, मग छापून द्यायची. आष्टीला वैनगंगा नावेनं ओलांडली. पलीकडे जी मोटार मिळाली ती तीनदा बंद पडली आणि तिन्ही वेळा मी खाली उतरून रस्त्यावर येरझाऱ्या घातल्या. ड्रायव्हर म्हणाला, “बाबूजी, तुमी बसा जी. तुमच्या फिरन्यानं इंजन सुरू होत नाई.”

बाजारात माझं स्वागत हसून झालं. एका मधवाल्यानं विचारलं, “आत काय हाय ते लिवू? माशा कोन्या फुलावर बसल्या ते मले काय मालूम?” शेव विकणारा म्हणाला, “चिठी लावली म्हंजे शेव वाढते का भाऊ?” सगळ्यात मोठ्या दुकानाच्या शेठनं मला गादीवर बसवलं, चहा पाजला आणि आपल्या बेसनाच्या थैल्या दाखवल्या. वर निळ्या शाईत, शहरातून छापून आणलेलं सुबक लेबल होतं: ‘शुद्ध चणा बेसन’. पाचही गोष्टी जागच्या जागी.

“आमी कायद्याच्या आधीपासून कायद्यात हाओ,” शेठ म्हणाले.

मी खूश होऊन उठलो. थैली उघडून पाहावी हे माझ्या मनातही आलं नाही. पत्रकांवर वाढलेल्या माणसाची ही खोड. छापलेलं दिसलं की त्याचं समाधान होतं.

तिसऱ्या दिवशी एक बाई मला शोधत आली. वय चाळिशीचं, पदर कमरेला खोचलेला, हातांना कोपरापर्यंत पीठ.

“चिठ्या लिवून देनारे तुमीच का जी?”

“मीच, बाई.”

“मंग मले द्या. मले लवकर पायजेत.”

तिचं गाव अहेरीच्या वाटेवर होतं. घरच्या पडवीत दळणाची चार जाती आणि त्यांवर शेजारच्या चार बाया. त्यांचं बेसन चहाच्या हॉटेलांत जायचं. खरा आधार मात्र दुसरा होता. दिवाळीनंतर जंगलात सागवानाची तोड सुरू होई आणि होळीपर्यंत चाले. तोडीच्या मजुरांसाठी एका ठेकेदाराचं दुकान तिथल्या कँपात असे. त्या दुकानाला दोन वर्षं तीच बेसन पुरवत आली होती. यंदा त्या दुकानाच्या मुनीमजीनं सांगितलं होतं की चिठीशिवाय माल घेणार नाही. ते काम गेलं तर पडवीतली दोन जाती तरी उभी करून ठेवावी लागणार होती.

मी पेन्सिल काढली. “बेसनात काय काय आहे?”

“लाखोरी,” ती म्हणाली. “आन चौथा हिस्सा चना. वास याले.”

पेन्सिल माझ्या हातातच राहिली. ती जराही चाचरली नव्हती, याचाच मला जास्त राग आला. मग मी बोललो. उभं राहून, पडवीत इकडून तिकडे फिरत बोललो. विष, गुडघे, काठ्या, गरिबांची फसवणूक. जाती थांबली. चारही बाया माझ्याकडे पाहत होत्या. त्यातली एक म्हातारी शेवटी दुसरीला म्हणाली, “यायले भूक लागली असन.”

त्या घरच्या बाईनं मात्र शांतपणे विचारलं, “झालं? आता मागं चला.”

घरामागे चुलवणावर मोठं पातेलं उकळत होतं. तिनं लाखोरी भरलेल्या घंगाळात ते पाणी ओतलं आणि वर झाकण ठेवलं. शेजारच्या घमेल्यात आधीची लाखोरी होती. तिचं पिवळट पाणी तिनं निथळून कुंपणाजवळच्या खड्ड्यात ओतलं, वर पुन्हा उकळतं पाणी घातलं. असं तीनदा. मग वाळवायची, भरडायची, दळायची.

“हे पानी आमी म्हशीलेई पाजत नाई,” ती म्हणाली. “माही सासू सांगे, पहिलं पानी लाखोरीचं, दुसरं मातीचं, तिसरं फेकलं म्हंजे मंग दाना आपला. तुमच्या कागदात हे लिवलं हाय का?”

नव्हतं. मला हे माहीतच नव्हतं. झाडीपट्टीत जन्मून, लाखोरीचं वरण खाऊन वाढून मला ते माहीत नव्हतं. कारण आमच्या घरी ते काम आई करायची आणि मी पेटीत डोकं घालून वाचत असायचो.

“आन तो तुमचा काठीवाला,” ती पुढे म्हणाली, “त्याले मजुरीत काय भेटे, ते इचारलं का तुमी?”

तेही विचारलं नव्हतं. पण हार मानायची मला सवय नव्हती. मी म्हटलं, “ठीक आहे. मग जे आहे ते सगळं लिहू. लपवायचं काही नाही.”

“लिवा ना. मी कोनापासून लपवून राह्यली?”

ते लेबल मी मन लावून जुळवलं. चांद्याला परत जाऊन, रजेचे उरलेले दिवस छापखान्यातच घालवून. वर ठळक अक्षरांत ‘लाखोरीचे बेसन’. खाली: लाखोरी तीन भाग, हरभरा एक भाग. लाखोरी तीन वेळा उकळत्या पाण्यात भिजवून, पाणी टाकून वाळवलेली. मग तिचं नाव, गाव, वजन एक शेर. शेवटी रिकामी चौकट, दळणाच्या खुणेसाठी. आकडे तिथे कोणालाच येत नव्हते, म्हणून त्यांनी गेरूच्या रेघा ओढायच्या ठरवल्या. पहिल्या दळणाला एक, दुसऱ्याला दोन. कायद्याला खूण हवी होती. ती खूणच होती. इतकं खरं लेबल त्या साऱ्या मुलखात नसेल, असं मला वाटलं. दिवाळी होताच मी स्वतः ते घेऊन गेलो, खळ करून पुड्यांवर चिकटवलं आणि तिच्यासोबत कँपात गेलो.

मुनीमजीनं पुडा हातात घेतला, लेबल वाचलं आणि खाली ठेवलं.

“हे काय आनलं बाई? लाखोरी?”

“दोन साल खाऊन राह्यले तुमचे मजूर. तुमीबी खाल्ली. भजे लय बरे झाले म्हनत होते.”

“तवा लिवलं नोतं ना! आता लिवलं हाय. उद्या कोनी साहेब आला त मी काय दाखवू?” त्यानं टेबलाचा खण ओढला आणि आतून एक घडी केलेला कागद काढला. “हे पाय. शिकेल मानसानं लिवलं हाय.”

लाल शाई. चार पानं. ‘ताटातलं विष’.

‘हे मी लिहिलंय आणि ते अर्धवट आहे’ एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही. तिथे चार माणसं होती, ठेकेदाराचा माणूस होता आणि मी जागरूक नागरिक होतो.

कोपऱ्यात शेठच्या निळ्या लेबलाच्या थैल्या रचलेल्या होत्या. बाईनं त्यातल्या एका उघड्या थैलीत बोट घातलं, चिमूटभर बेसन जिभेवर ठेवलं आणि थुंकली.

“मुनीमजी, हे कच्ची लाखोरी हाय. पानीबी नाई दाखवलं याले.”

“त्यावर काय छापलं हाय ते पाय अगुदर.”

“मले वाचता येत नाई,” ती म्हणाली. “मले चाखता येते.”

मुनीमजी हसला. त्यानं तिचे पुडे परत टोपल्यात ठेवायला लावले.

परतीच्या वाटेवर ती पुढे, डोक्यावर टोपलं घेऊन, मी मागे. बऱ्याच वेळानं तिनं न वळताच विचारलं, “त्या लाल कागदात काय होतं जी?”

मी सांगितलं. कोणी लिहिला तेही सांगितलं. ती थांबली. आता टोपलं खाली आपटते की काय, असं मला वाटलं.

“म्हंजे एका हातानं तुमीच चिठी लावली आन दुसऱ्या हातानं तुमीच काढली,” ती म्हणाली. “दोन्ही हात एकाच मानसाचे, म्हून बरं. दोघांशी भांडाले मले टाइम नाई.”

मी चांद्याला आलो, पण एका जागी बसवेना. छापखान्यात चुका होऊ लागल्या. एका लग्नपत्रिकेत मी वधूच्या गावाच्या जागी वराचं गाव जुळवलं. जेवताना उठून उभा राहत असे. शेवटी एका दुपारी गल्लीच्या तोंडाशी, त्या काठ्यावाल्या म्हाताऱ्यापाशी जाऊन बसलो. ज्याच्यावर पत्रक लिहिलं त्याच्याशी इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा बोलत होतो.

मजुरीत काय मिळायचं, असं विचारल्यावर तो म्हणाला, “लाखोरी. साऱ्या गावाचा मालक मालगुजार. त्याच्या वाड्यावर सालभर राबलो, सालभर लाखोरी. कच्चीच द्यायचे पायलीनं.”

“पाणी टाकून खायचा का?”

“कोन टाकन? मायलेकरं सारे वावरात. चुलीले सरपन नाई. दयलं आन खाल्लं.” मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाला, “तूच ना तो कागद काढला होता? मले वाचून दाखवला कोनीतरी. माहे गुडघे बराबर लिवले तुनं. मालगुजार राहून गेला.”

त्या दिवशी मी पत्रकाच्या उरलेल्या प्रती बंबात घातल्या. लाखोरी निर्दोष आहे असं मी आजही म्हणत नाही. तीनदा पाणी टाकल्यानं तिच्यातलं सगळं वाईट जातं का, हे मला माहीत नाही. ते प्रयोगशाळेनं सांगावं. पण कच्ची लाखोरी हरभऱ्याच्या नावानं विकणारा आणि धुतलेली लाखोरी लाखोरीच्याच नावानं विकणारी, यात कोण कोणाला फसवतो हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

मी निळ्या लेबलाविरुद्ध तक्रार लिहिली. बऱ्याच दिवसांनी एक निरीक्षक आलापल्लीला गेले, मीही गेलो. शेठचं दुकान बंद होतं. शेठ अहेरीला लग्नाला गेलेत, असं शेजाऱ्यानं सांगितलं. त्या आठवड्यात लग्नाची एकही तिथी नव्हती. निरीक्षक सभ्य होते, थकलेले होते आणि त्यांना संध्याकाळच्या आत नदी ओलांडायची होती. ते म्हणाले, “तक्रारीत लाखोरी लिहिली आहे. इथे लाखोरी कोणाकडे आहे?”

लाखोरी कोणाकडे आहे हे लिहिलेलं एकच लेबल होतं. त्यांनी बाईच्या गावी जाऊन तिच्या पुड्याचा नमुना घेतला, त्याचे तीन भाग करून त्यांवर लाखेची मोहर लावली आणि एक भाग नियमाप्रमाणे तिच्या हातात दिला. तिनं तो फळीवर ठेवला आणि मला विचारलं, “तुमी तक्रार कोनावर केली होती जी?”

अहवाल आला तेव्हा होळी होऊन गेली होती. जंगलातली तोड संपली होती, कँप उठला होता. अहवालात लिहिलं होतं की लेबलावर जे म्हटलं आहे तेच पुड्यात आहे. तो कागद घेऊन मी तिच्या पडवीत गेलो. दोनच जाती फिरत होती. बाकीच्या दोघी मोहफुलं वेचायला जंगलात जात होत्या.

मी अहवाल वाचून दाखवला. तिनं तो ऐकला आणि म्हणाली, “आता मले दुसरी चिठी छापून द्या. त्यावर नुस्तं ‘बेसन’ लिवा.”

“बाई, ते खोटं होईल.”

“खोटं काऊन? बेसन नाई का ते?”

“आत काय आहे ते लिहावंच लागतं.”

“मी लिवलं. काय भेटलं? ज्यानं नाई लिवलं त्याचा माल खपला, ज्यानं लिवलं तिच्या घरी साहेब आला. तुमचं खरं तुमच्यापाशी ठेवा भाऊ. माह्या जात्यातून त्याचं पीठ पडत नाई.”

मी तिला काठ्यावाल्या म्हाताऱ्याचं सांगितलं. त्याची मजुरी, वाडा, नसलेलं सरपण. तिनं जातं थांबवलं. “बापा,” एवढंच म्हणाली. खुंटा सोडून तिनं हातांचं पीठ झटकलं. मग म्हणाली, “राहू द्या. आहे तेच राहू द्या. पन एक करा. जसे माह्या घरी आले तसे शेठच्या घरीबी जाऊ द्या. त्याच्या थैलीलेबी लाख लागू द्या. मंग पाहू कोनाची चिठी टिकते.”

चांद्याला येऊन मी तो कायदा पुन्हा वाचला. या वेळी सावकाश. त्यात एक कलम होतं, जे मी घाईत ओलांडून गेलो होतो. नमुना फक्त निरीक्षकच घेऊ शकतो असं नाही. कोणताही गिऱ्हाईक फी भरून आपण विकत घेतलेला जिन्नस तपासायला देऊ शकतो. अट एकच आहे: विकत घेतानाच विक्रेत्याला तसं सांगायचं.

मी शेठच्या दुकानात गेलो. गादीवर बसवलं नाही, चहा नाही.

“एक शेर बेसन द्या. तपासायला पाठवणार आहे.”

“माल संपला,” शेठ म्हणाले. त्यांच्या मागे निळ्या थैल्यांची थप्पी छताला लागली होती. “तुमच्यासाठी सदाच संपेल राहीन.”

त्यानंतर दोनदा गेलो. एकदा टोपी घालून गेलो, तरी ओळखलं. माझा चेहरा आता त्या बाजारात सगळ्यांना पाठ आहे. बाईला तर आत पाऊलही टाकू देत नाहीत.

तुमचा चेहरा तिथे कोणाला ठाऊक नाही. म्हणून हे तुम्हाला सांगतो आहे. दिवाळीनंतर पुन्हा तोड सुरू होईल. तिच्या आधी मुनीमजी बेसन कोणाचं घ्यायचं ते ठरवील. तुम्ही आलापल्लीच्या बाजूला जात असाल तर तिथे, नाहीतर तुमच्या गावात जिथे कुठे ‘शुद्ध’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं दिसेल तिथे, एक शेर बेसन मागा. सोबत एक माणूस न्या. आधी वजन होऊ द्या, पुडा हातात घ्या, पैसे पुढे करा आणि मगच सांगा की हे तपासायला जाणार आहे. पावती घ्या. पुडा न उघडता त्याच दिवशी फी भरून सरकारी प्रयोगशाळेत पाठवा. अहवाल आला की त्याची नक्कल त्या दुकानाच्या समोरच्या भिंतीवर लावा, म्हणजे ज्यांना वाचता येतं ते ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवतील.